पाखाडीवरचा व्यायाम

आमच्या धाकट्याला दादांबरोबर जुम्याच्या नमाजला जायची भारी हौस. तेव्हा पाच वर्षांचा होता. सजद्यातून उभं राहताना तो आधी ओणवा व्हायचा, मग दोन्ही हात गुडघ्यांवर टेकायचा, तिथून मांड्यांवर, आणि हातांनीच स्वतःला वर ढकलत ताठ व्हायचा. शेजारी सत्तरीचे दादा हुबेहूब तसेच उठायचे. जमातीतली मंडळी कौतुकानं म्हणायची, नातू दादांची नक्कल करतो. आमच्यापैकी एक तेव्हा कुवेतला नोकरीला होता. त्यालाही कुणीतरी मोबाइलवर ते चित्रण पाठवलं होतं आणि तिकडे खोलीवरच्या चार दोस्तांनी ते हसत हसत पाहिलं होतं.

ती नक्कल नव्हती. गुडघे दुखणारे सत्तर वर्षांचे दादा जसे उठत, तसंच उठण्याशिवाय त्या मुलाला दुसरा इलाजच नव्हता.

आम्ही नवरा-बायको मिळून हे लिहीत आहोत. डॉक्टर नाही, पण गेली नऊ वर्षं या एका आजाराबरोबर राहतो आहोत. या काळात आम्ही दोन मोठ्या चुका केल्या. पहिली, मुलाला भलता व्यायाम दिला. दुसरी, पुढे घाबरून त्याचं हलणंच बंद केलं. दुसऱ्या कुणा घरात यातली एक जरी टळली तरी लिहिल्याचं सार्थक होईल.

दापोली तालुक्यातलं आमचं घर डोंगराच्या कुशीत, वरच्या अंगाला. मशीद, शाळा, दुकान सगळं खाली. मध्ये जांभ्या दगडाची पाखाडी, साठेक पायऱ्यांची. धाकटा सहा वर्षांचा झाला तरी पळायचा नाही, पळायला गेला की बदकासारखा डुलायचा, धडपडायचा. उडी मारताना दोन्ही पाय जमिनीवरून सुटायचेच नाहीत. पोटऱ्या मात्र अशा जाड आणि टणक की दादी सगळ्यांना दाखवायची, "बघा, पैलवान होणार माझा." असल्या पोटऱ्यांचा मुलगा चालायला कुरकुरतो म्हणजे आळशी, लाडावलेला, असंच सर्वांचं मत पडलं. कुवेतहून फोनवर हुकूम यायचा, "त्याला उचलून घेऊ नका. पाय कमजोर आहेत तर व्यायाम द्या."

मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत व्यायाम सुरू झाला. फज्रनंतर पाखाडीच्या चार फेऱ्या आणि वीस उठाबशा. महिनाभर केलंस तर सायकल, असं आमिष. तो करायचाही. चढताना भिंतीचा आधार घेत गप्प चढायचा, पण उतरताना रडायचा. आम्हाला याचंच नवल वाटायचं. चढताना दम लागतो हे समजू शकतं, उतरायला काय लागतं?

रात्री पाय दुखतात म्हणून तो तेल चोळून मागायचा. एका सकाळी त्याला कोऱ्या चहासारखी लघवी झाली. सगळे म्हणाले, कावीळ. रक्त तपासलं तर एसजीओटी आणि एसजीपीटी हे दोन्ही आकडे खूप चढलेले. यकृताचा दोष म्हणून औषधं झाली, काविळीचं झाडपाल्याचं औषध झालं, तीन महिने तेल-मटण बंद झालं. आकडे जागचे हलले नाहीत.

हे दोन घटक यकृतात असतात तसे स्नायूतही असतात, हे त्या वेळी आम्हाला कुणी सांगितलं नाही. स्नायू झिजला तरी ते रक्तात उतरतात. डोळे पिवळे नाहीत, बिलिरुबिन ठीक आहे आणि हे आकडे मात्र महिनोन्महिने वर आहेत, असं एखाद्या मुलाच्या बाबतीत असेल तर आणखी एक साधी रक्ततपासणी मागून घ्यावी. तिचं नाव सीपीके. सहा महिन्यांनी एका तरुण डॉक्टरबाईंनी आमच्या मुलाला जमिनीवर बसून उठायला सांगितलं. एकदाच पाहिलं आणि ही तपासणी लिहून दिली. निरोगी माणसात हा आकडा साधारण दोनशेच्या आत असतो. आमच्या मुलाचा अठरा हजारांच्या वर निघाला. पुढे मुंबईत रक्तावरून जनुकाची तपासणी झाली आणि नाव कळलं: ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी.

हातांनी मांड्यांवर चढत उठायच्या त्या तऱ्हेला वैद्यकात 'गॉवर्सची खूण' म्हणतात. विल्यम गॉवर्स या लंडनच्या डॉक्टरांनी १८७९ मध्ये तिचं वर्णन केलं. त्याआधी पॅरिसचे ड्युशेन यांनी आजाराचा सखोल अभ्यास केला होता, म्हणून नाव त्यांचं. ज्या खुणेचं वर्णन पुस्तकात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आहे ती आमच्या मशिदीत दर शुक्रवारी दिसत होती.

आता त्या पाखाडीचं कोडं. स्नायूच्या प्रत्येक तंतूला बाहेरून पातळ आवरण असतं. आतल्या आकसणाऱ्या भागाला या आवरणाशी बांधून ठेवणारं एक प्रथिन आहे, डिस्ट्रोफिन. बोस्टनच्या लुई कुंकेल यांच्या चमूनं ते १९८७ मध्ये ओळखलं. आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर होडी आणि नांगर यांच्यामधला दोर. दोर चांगला असला की लाटेचा हिसका होडीला फाडत नाही. ड्युशेनच्या मुलांमध्ये हा दोर जवळजवळ नसतोच. त्यामुळे स्नायूनं जोर केला की आवरणाला बारीक चिरा पडतात, तंतू मरतात. सुरुवातीला शरीर ते भरून काढतं, पण हळूहळू भरून काढायची ताकद संपते आणि स्नायूच्या जागी चरबी आणि चिवट धाग्यांसारखा भाग येतो. दादीच्या पैलवानाच्या पोटऱ्या त्यामुळे जाड होत्या.

चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू शरीराचं वजन तोलत तोलत लांब होत जातो, गाडीला ब्रेक लावल्यासारखा. वजन पेलत लांबणाऱ्या स्नायूच्या आवरणावर सगळ्यात जास्त ताण पडतो. धडधाकट माणसालासुद्धा डोंगर उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, पण त्याचा स्नायू त्यातून सावरतो आणि अधिक मजबूत होतो. तालमीत हेच तर घडतं. या मुलांच्या बाबतीत मोडलेलं पुन्हा नीट बांधलं जात नाही. पायऱ्या उतरणं, उतारावर धावणं, उठाबशा, बेडूकउड्या, वजनं उचलणं हे त्यांना वर्ज्य. ती कोऱ्या चहासारखी लघवी फाटलेल्या स्नायूतला रंग होता. म्हणजे वीस उठाबशा आणि चार फेऱ्यांनी आम्ही मुलाची ताकद वाढवत नव्हतो, होती ती खर्च करत होतो. त्या महिन्याचं आम्हाला अजून वाईट वाटतं. डॉक्टर म्हणतात, एका महिन्यानं आजार आला नाही, तो जन्मापासून होताच. ऐकतो, पण मन मानत नाही.

घाबरलेल्या माणसाचं जे होतं ते मग आमचं झालं. कुवेतची नोकरी सोडून एक जण घरी आला आणि आम्ही दोघांनी मुलाला गादीवर बसवलं. शाळेत उचलून न्यायचं, उचलून आणायचं. खेळ बंद, हातात मोबाइल. येणारेजाणारे बिस्किटं घेऊन येत. पाच महिन्यांत वजन वाढलं, टाचा वर उचलल्या गेल्या आणि पाऊल जमिनीला सपाट टेकेना. मुंबईच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पाहिलं आणि आमची चांगलीच हजेरी घेतली. "आजारानं दोन वर्षांत केलं नसतं ते तुम्ही पाच महिन्यांत करून दाखवलंत," असं म्हणाल्या. बोलणं लागलं, पण खरं होतं. न वापरलेला स्नायू आजाराशिवायही वाळतो, सांधे आखडतात. इथे तर दोन्ही गोष्टी एकदम.

त्यांनी जे बसवून दिलं ते असं. रोज ताण देणं, म्हणजे टाच, गुडघा, नितंब यांचे स्नायू हळुवार ओढून धरणं, आठवड्यातून निदान पाच दिवस. रात्री झोपताना पायाला प्लॅस्टिकचे साचे, घोटा काटकोनात राहावा म्हणून. पहिले पंधरा दिवस त्यानं रोज रात्री ते काढून फेकले. शेवटी ताईनं दोन्ही साच्यांवर क्रिकेटच्या संघाचं चित्र चिकटवलं तेव्हा कुठे पायात राहिले.

आणि पाणी. पाण्यात शरीराचं वजन कमी होतं, ब्रेक लावायचं ते घातक काम जवळजवळ उरत नाही. आमच्या गावात तरणतलाव कुठला! पण पावसाळा संपला की वहाळावर बंधारा घालतात. तिथे कमरेएवढ्या पाण्यात मामू त्याला घेऊन जायचे. पाखाडीवर रडणारा मुलगा पाण्यात तास तास हसत असायचा. थंड पाणी या मुलांना सोसत नाही, स्नायू आखडतात, म्हणून ऊन चढल्यावरच न्यायचं.

तिसरी गोष्ट सायकल, तीच जी आम्ही आमिष म्हणून दाखवली होती. नेदरलँड्समधल्या निजमेगन इथल्या संशोधकांनी ड्युशेनच्या तीस मुलांवर एक प्रयोग केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलं चालणारी होती, काही चाकाच्या खुर्चीत होती. निम्म्या मुलांना मोटरची मदत असलेल्या सायकलवर आठवड्यातून पाच दिवस पंधरा मिनिटं पायांनी आणि पंधरा मिनिटं हातांनी पेडल मारायला लावलं. चोवीस आठवड्यांनी या मुलांची हालचालीची क्षमता जागच्या जागी टिकून होती. व्यायाम न करणाऱ्यांची घसरली होती. प्रयोग लहान आहे, यानं आजार बरा होत नाही. पण जिथे घसरण हाच नियम आहे तिथे सहा महिने न घसरणं म्हणजे काय, हे आमच्यासारख्यांनाच कळेल. आम्ही खुर्चीवर बसून पाय फिरवायचं छोटं यंत्र घेतलं.

किती करायचं याचं माप सोपं आहे. व्यायाम करताना मुलाला गप्पा मारता आल्या पाहिजेत. दुसऱ्या दिवशी दुखलं तर काल जास्त झालं. लघवी गडद झाली तर तिथेच थांबायचं, भरपूर पाणी द्यायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

नमाजचा प्रश्न आमच्याच घरात जास्त गाजला. सात वर्षांचा झाला तेव्हा त्याला सर्वांसारखी उभं राहून पढायची होती. जमिनीवरून उठणं हेच त्याचं सगळ्यात अवघड काम, आणि तरावीहच्या वीस रकातींत ते किती वेळा करावं लागतं याचा हिशेब आम्ही आधी कधी केला नव्हता. दादीचं म्हणणं, "अल्लाहच्या कामात ताकद तोच देईल." इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, उभं राहणं झेपत नाही त्यानं बसून पढावी, बसणं झेपत नाही त्यानं कुशीवर, तेही नाही तर इशाऱ्यानं. यात कमीपणा काहीच नाही, मसला इतका स्पष्ट आहे की आम्ही एवढे दिवस विचारलं का नाही याचंच त्यांना आश्चर्य वाटलं. पहिल्या सफच्या टोकाला एक खुर्ची ठेवली. काही महिन्यांनी तिच्याशेजारी दुसरी आली, दादांची. गुडघे दुखत असूनही इतकी वर्षं तेही लाजेनंच उठत होते.

रमजानबद्दल एकच सांगायचं आहे. या मुलांना स्टेरॉइडची गोळी रोज चालू असते, प्रेडनिसोलोन किंवा डिफ्लाझाकोर्ट. तिच्यामुळे चालणं काही वर्षं लांबतं. वजन वाढणं, हाडं ठिसूळ होणं असे तिचे तोटेही आहेत. मात्र ती एकाएकी बंद करणं जिवावर बेतू शकतं, कारण शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं. रोजाच्या हौसेत, किंवा ताप-उलटीत, गोळी चुकवू नये. वेळ आणि प्रमाण डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावं. आजाऱ्याला रोजाची सवलत आहेच.

सगळ्याच स्नायूंच्या आजारांना एक माप लावू नये. बेकर नावाचा ड्युशेनचा सौम्य भाऊ आहे. त्यात डिस्ट्रोफिन असतं, पण अपुरं किंवा अर्धवट. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला अशा अकरा रुग्णांनी बारा आठवड्यांत पन्नास वेळा, दर वेळी अर्धा तास सायकल चालवली. २००८ मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार त्यांचा दमसास ठळकपणे वाढला आणि स्नायूंना इजा झाल्याचं दिसलं नाही. म्हणजे जे एकाला जपून, ते दुसऱ्याला बऱ्यापैकी मोकळेपणानं. मॅकआर्डलचा आजार तर आणखी निराळा. लंडनचे डॉक्टर ब्रायन मॅकआर्डल यांनी १९५१ मध्ये तो मांडला. यात स्नायूत साठवलेली साखर मोडून वापरता येत नाही. सुरुवातीची काही मिनिटं पाय दगडासारखे होतात, पण थोडं थांबून संथ चालत राहिलं की दुसरं इंधन सुरू होऊन माणूस पुन्हा चालायला लागतो. एकदम जड उचललं तर मात्र तीच गडद लघवी आणि मूत्रपिंडाला धोका. तेव्हा जवान मुलाला 'जिमला जा, अंग धरेल' म्हणण्याआधी आजाराचं नेमकं नाव हातात असू द्या. जनुकाच्या तपासणीशिवाय ते कळत नाही.

नाव कळल्यावर मात्र घरात दुसरंच वादळ उठलं. आम्ही दोघं मामेभाऊ-आतेबहीण. सगळ्या नात्यानं एकच सूर धरला, जवळच्या नात्यात निकाह केला म्हणून हे झालं. रक्ताचा दुसरा अहवाल आला. दोष आईच्या जनुकात होता, आणि मग सूर बदलून बोटं एकाच व्यक्तीकडे वळली. लग्नाला चौदा वर्षं झालेली, आणि दुसऱ्या निकाहचा सल्ला देणारेही भेटले, तोंडावर.

समुपदेशन करणाऱ्या डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं ते आम्ही तेव्हापासून नातेवाइकांना काढून दाखवतो. ड्युशेनचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला एक्स आईकडून मिळतं, बापाकडून वाय. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला निम्मी शक्यता आजाराची, प्रत्येक मुलीला निम्मी शक्यता वाहक होण्याची. नवरा मामेभाऊ असो की परमुलखातला, या हिशेबात काडीचा फरक पडत नाही. शिवाय साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये आई वाहक नसतेच, दोष नव्यानं उपजतो. आई ही वाहक असते, गुन्हेगार नव्हे. आपल्या अंगातलं कुठलं जनुक कुठे उतरेल ते कुणाच्या हातात असतं?

नात्यातल्या निकाहचा प्रश्न खोटा आहे असं मात्र नाही, तो दुसऱ्या आजारांत खरा आहे. कंबर आणि खांद्यांच्या स्नायूंचे, म्हणजे लिंब गर्डल प्रकारचे बरेच आजार असे असतात की आई आणि बाप दोघांकडून सदोष प्रत मिळाली तरच मूल आजारी पडतं. सख्ख्या चुलत-मामे भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुकं सारखी असतात, त्यामुळे एकच सदोष प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. तशी ती असेल तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका. मुलगा असो की मुलगी. हे फक्त आपल्याच समाजात होतं असंही नाही. गोत्र टाळून लग्नं करणाऱ्या अगरवाल समाजातही कॅल्पेन नावाच्या जनुकाचे ठरावीक दोष पिढ्यांपासून सापडतात, कारण लग्नं समाजाच्या आतच होत आली. आमचं म्हणणं एवढंच, की ज्या खानदानात स्नायूंचा आजार आधी दिसला आहे तिथे त्याच घरात पुढचा रिश्ता जोडण्याआधी समुपदेशन घ्यावं. शेरवानी शिवायला टाकण्याआधी.

धाकटा आता चौदा वर्षांचा आहे. साडेअकराव्या वर्षी चालणं थांबलं. हे येणार हे माहीत होतं, तरी तो आठवडा घरात कुणी नीट जेवलं नाही. व्यायाम थांबला नाही, बदलला. यंत्र आता टेबलावर असतं, तो हातांनी फिरवतो. रोज थोडा वेळ आधाराच्या चौकटीत उभा राहतो, हाडांसाठी आणि सांध्यांसाठी. वर्षातून एकदा हृदयाचा इको आणि फुप्फुसांची तपासणी होते, कारण हृदय आणि श्वासाचे पडदे हेही स्नायूच. कॅरममध्ये दादांना हरवतो, आणि हरवल्यावर ओरडतो ते खालच्या वाडीत ऐकू जातं.

दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा नावानिशी समावेश आहे. ते प्रमाणपत्र काढून घ्या, शाळेत परीक्षेला लेखनिक आणि जादा वेळ मिळवताना त्याचाच उपयोग होतो. आमच्या शाळेचा आठवीचा वर्ग वरच्या मजल्यावर होता. मुख्याध्यापकांना अर्ज दिला तेव्हा त्यांनी एका दिवसात वर्ग खाली आणला. आम्ही मात्र तो अर्ज द्यायला संकोचानं दोन महिने घालवले होते.

ताई पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण करेल. तिच्यासाठी एक-दोन ठिकाणांहून विचारणा आली आहे. वाहक असण्याची तपासणी लहानपणीच करून टाका, असं अनेकांनी सुचवलं, आणि कुणाला सांगू नका, असंही त्याच लोकांनी सुचवलं. डॉक्टरांचा सल्ला होता की तिला समजण्याचं वय होऊ द्या, निर्णय तिचा असू द्या. वाहक मुलींनाही पुढे हृदयाचा त्रास होऊ शकतो, म्हणून हे फक्त लग्नापुरतं नाही, तिच्या स्वतःच्या तब्येतीचंही आहे. हे सगळं तिला सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भावाच्या पायाला ताण देता देता म्हणाली, तपासणी करायची, अहवाल आधी मी वाचणार, आणि रिश्ता घेऊन येणाऱ्यांना मीच सांगणार.

दादीला हे पटलेलं नाही. मुंबईची तारीख मिळाली आहे.